पीटीच्या पहिल्या वर्षाला: मैदानावर मुलांचा आणि आपला मान कसा राखायचा

मे संपता संपता आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, शाळा भरतात. महाराष्ट्रातली पोरं अजून मामाच्या गावी आंबे खात असतात, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं प्रार्थनेच्या ओळीत उभी राहिलेली असतात. त्याच आठवड्यात कुठल्या ना कुठल्या शाळेत नवीन पीटी शिक्षक हजर होतो. कुणी बदलीवर आलेला, कुणी वर्षापुरता अतिथी शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात सुत्तोल्यांच्या (सरकारी परिपत्रकांच्या) झेरॉक्स आणि पोटात गोळा.

मी २०१३ मध्ये अशीच हजर झाले, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी हायस्कूलात. बीपीएडला मैदान आखायला शिकवलं होतं, पंचगिरी शिकवली होती, पाठाचं टाचण शिकवलं होतं. चाळीस पोरांनी आपलं का ऐकावं, हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी जे केलं त्यातलं निम्मं आज करणार नाही. ते तुम्हीही करू नये म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधी पक्की करा, खालच्या सगळ्या पायऱ्या तिच्यातूनच निघाल्यात. गणितात चुकलेलं पोरगं वही मिटून टाकतं. आपल्या तासाला वही नसते. उंच उडीत दोरी पायात अडकली की सगळा वर्ग बघतो, खिडकीतून नववी ‘ब’ बघते, कंपाउंडबाहेर म्हशी घेऊन चाललेला माणूसही बघतो. शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याच विषयात मूल एवढं उघड्यावर नसतं. ते उघड्यावर असताना तुम्ही काय बोलता, कुणाकडे बघून हसता, एवढ्यावर तुमचं वर्षभराचं नाव ठरतं.

आधी हे जमवा

- शिट्टी आणि फक्की. फक्की संपली तर चुलीची राख चालते, पावसात तीही नाही.
- सुताची जाड दोरी आणि ३० मीटरची टेप.
- दोन रंगांच्या कापडी पट्ट्या, वीस-वीस. शिंप्याकडे उरलेल्या कापडाच्या फुकट मिळतात. संघ ओळखायला जर्सीची गरज नसते.
- प्रथमोपचार पेटी: साबण, कापूस, पट्टी, क्रेप बँडेज, ओआरएस. गुडघा फुटला की आधी साबण-पाण्याने तांबडी माती धुवायची, हळद-बिळद नंतर घरी. पाय मुरगळला तर चोळू द्यायचं नाही. प्रत्येक वर्गात एकजण चोळण्यात पटाईत असतोच, त्याच्याकडे लक्ष ठेवा.
- एक वेगळी वही. दमा, फिट, हृदयाचा त्रास, झालेलं ऑपरेशन याची माहिती पालकांकडून पहिल्या पंधरवड्यात घेऊन तिच्यात लिहायची. ही वही वर्गात उघडायची नाही.
- शाळेच्या कार्यालयातून पोरांचे एसएटीएस नंबर (प्रत्येक विद्यार्थ्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि जन्मतारखा. हे आत्ता कशाला, ते शेवटी सांगते.

१. पहिला आठवडा शिट्टी खिशात ठेवा आणि नावं पाठ करा

हजेरीपटात पाच पाटील, चार नाईक, तीन देसाई असणारच. आडनावाने हाक मारलीत तर तिघं एकदम वळतात आणि वर्ग हसतो.

नावं पाठ करायचा माझा खेळ सोपा आहे. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, मीही गोलातच. ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याचं नाव घेऊन टाकायचा. नाव चुकलं की बाद, मग मैदानाला नाही तर गोलालाच एक चक्कर मारून परत यायचं. पोरं एकमेकांना ओळखतात, ती कशाला चुकतील? चुकते मीच. पहिल्या दिवशी मी सात वेळा बाद झाले. सातव्यांदा चक्कर मारताना मागून आवाज आला, “टीचर, माझं नाव सोपं आहे, माझ्याकडेच टाका की!” मॅडम चुकू शकतात आणि चुकल्यावर त्यांना काही होत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. पुढे उडी मारताना त्याचा उपयोग होतो.

टोपणनावं घेऊ नका. जाड्या, लंबू, काळ्या ही तर नाहीतच. पोरं आपसात बाळ्या म्हणत असली तरी तुम्ही हजेरीतलंच नाव घ्या. ज्याला सगळे जाड्या म्हणतात त्याला एका माणसाने पुऱ्या नावाने हाक मारली तर तो त्या माणसाचा तास चुकवत नाही.

शिट्टी दुसऱ्या आठवड्यात काढा. तिचे तीनच अर्थ ठेवा: एक छोटी म्हणजे थांबा, दोन छोट्या म्हणजे सुरू, एक लांब म्हणजे माझ्याकडे या. सारखी फुर्र-फुर्र करणाऱ्याची शिट्टी पोरं वाऱ्यावर सोडतात, रिक्षाच्या हॉर्नसारखी.

२. हाक कुठल्या भाषेत मारायची

आपल्या भागात हा प्रश्न खराच आहे. बागलकोट-विजयपूरकडून आलेले काही सर मराठी शाळेत रुजू होतात. त्यांना एवढंच सांगेन की आपली पोरं पुस्तकातलं कन्नड शिकलेली असतात. तुम्ही उत्तर कर्नाटकातलं ‘बर्री’ (म्हणजे ‘या’) म्हणालात तर क्षणभर गोंधळतात, ‘बन्नि’ म्हणालात तर येतात. ‘बा’ आणि ‘बन्नि’ यातला फरक मात्र त्यांना नेमका कळतो, कारण मराठीतही ‘ये’ आणि ‘या’ आहेच. ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ दोन्हीकडे चालतात, सुरुवात तिथून करा. आणि चार शब्द मराठी शिका. उच्चार चुकेल, पोरं हसतील, हसू द्या.

मराठी शिक्षकांसाठी याच्या उलट काम आहे. तालुक्याच्या स्पर्धेला माइकवरचं सगळं कन्नडमध्ये असतं. छातीवर ११२ नंबर लावलेलं पोर उभं असतं आणि माइक ‘नूर हन्नेरडु’ पुकारून मोकळा होतो. पोराला कळत नाही, शर्यत सुटते, वर शेजारच्या शाळेची पोरं दात काढतात. म्हणून सरावातच आकडे दोन्ही भाषांत म्हणा. ओडु म्हणजे पळ, निल्लु म्हणजे थांब, सालु म्हणजे ओळ, मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे. माझी पोरं दोरीवरच्या उड्या ‘ओंदु, एरडु, मूरु’ करत मोजतात. कन्नडच्या मास्तरांनी एकदा विचारलं, माझ्या तासाला शंभरपर्यंत येत नाही, तुमच्याकडे कसं येतं?

आणि सीमाप्रश्न मैदानावर आणू नका, कुठल्याच बाजूने. १ नोव्हेंबरला एका घरात राज्योत्सव असतो, दुसऱ्या घरात काळा दिन, आणि त्या दोन्ही घरांतली पोरं तुमच्या खो-खोच्या एकाच रांगेत, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून, बसलेली असतात. ‘तू तिकडचा’ असा शब्द शिक्षकाच्या तोंडून एकदा गेला तर तो संध्याकाळपर्यंत गावभर होतो.

३. नियम पोरांकडून घ्या, एक नियम तुमच्यावर घ्या

पाचपेक्षा जास्त नियम नकोत. पोरांनाच विचारा, कार्डशीटवर लिहून घ्या, साहित्याच्या खोलीच्या दारावर लावा. त्यातला एक नियम शिक्षकासाठी असलाच पाहिजे.

माझ्या नववीने लिहिलं होतं: ‘टीचरनी मोबाइल स्टाफरूमात ठेवायचा.’ मला वाईट वाटलं. मी काही रील बघत नव्हते, ग्रुपवर सुत्तोले येतात ते बघत होते. पण पोरांना मान खाली घातलेली टीचर दिसत होती. पोरं सूर मारून खांब शिवत होती आणि मी स्क्रीन शिवत होते. तेव्हापासून मोबाइल कपाटात. अपघात झाला तर फोन लागेल म्हणून कार्यालयातला फोन कुठे आहे ते प्रत्येक वर्गाच्या दोन मुलांना दाखवून ठेवलंय.

सामना संपल्यावर हात मिळवणं हा एक नियम मी माझ्याकडून घातला. आपल्याकडच्या पोरांना तो समजावून सांगावा लागत नाही. गावात तालीम आहे, यात्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं, सलामी झडल्याशिवाय कुस्ती लागत नाही हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. वस्ताद स्वतः आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो. तेवढी आठवण करून दिली की पुरे.

पाण्याचंही इथेच सांगते. मैदानावर एकच हंडा आणि एकच तांब्या असेल तर पाणी कोण आधी पितं आणि कोण ओंजळीने पितं, ते नीट बघा. तिथे गावातली जात दिसते. मी तांब्या काढून टाकला, प्रत्येकाने घरून बाटली आणायची. ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी शाळेत धुतलेल्या बाटल्या ठेवल्यात. भाषण दिलं नाही.

४. गडी वाटताना

दोन कॅप्टन उभे करून “घ्या रे गडी” म्हणणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. शेवटी दोन पोरं उरतात. दरवेळी तीच. मग एक कॅप्टन म्हणतो, “तूच घे त्याला, वर एक चढाई जादा घे.” हे मी कानांनी ऐकलंय.

यावर आपल्या आज्ज्या-पणज्यांचा उपाय आहे. दोन कॅप्टन बाजूला उभे राहतात. बाकीच्यांनी आपल्या तोडीचा जोडीदार धरायचा, पळणाऱ्याने पळणारा, नवख्याने नवखा. जोडीने लांब जाऊन गुपचूप नावं ठरवायची: एक आंबा, एक फणस. मग खांद्यावर हात टाकून येऊन विचारायचं, “कोण घेणार आंबा, कोण घेणार फणस?” कॅप्टन आंबा म्हणतो, ज्याचं नाव आंबा तो तिकडे. संघ तोडीस तोड होतात आणि शेवटी उरलेला कुणीच नसतो, कारण निवड फळाची झाली, पोराची नाही. लंगडीला, लगोरीला, कबड्डीला, सगळ्याला चालतं. वेळ मोजला तर पाच मिनिटं. नावं ठरवताना पोरं भलत्याच कल्पना काढतात, एकदा ‘कुंदा’ आणि ‘मांडा’ ही बेळगावची गोड पक्वान्नं आली होती. दोघेही कॅप्टन कुंद्यावर भांडले.

५. पळणं ही शिक्षा करू नका

हे जरा सविस्तर सांगते, कारण यात माझीच चूक आहे.

पहिल्या वर्षी मी चकरांवर वर्ग चालवला. उशिरा आलास? दोन चकरा. बोललास? तीन चकरा. बूट नाहीत? चार. छडीला बंदी, हे मला माहीत होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. चकरा म्हणजे व्यायामच की, असा माझा हिशेब. (तो हिशेब कायद्यापुढे टिकत नाही. दमेपर्यंत पळवणं, ओणवं उभं करणं, उन्हात उभं ठेवणं, हे सगळं शारीरिक शिक्षेतच येतं.)

आठवीत एक पोरगा होता. जंगलाकडच्या एका वाडीवरून चालत यायचा, वस्तीची बस चुकली की दीड तास. उशीर ठरलेला, चकरा ठरलेल्या. तो कधी कुरकुरला नाही. खाली मान घालून निघायचा, सैल हात, टाचा जेमतेम टेकताहेत. चार चकरा मारून यायचा तेव्हा त्याचा श्वास लागलेला नसायचा. मी तिथेच बघायला हवं होतं. मला फक्त शिस्त लागलेली दिसत होती.

पुढच्या जूनमध्ये तालुक्यासाठी निवड करायची होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीला माझ्याकडे कुणी नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला वर्गातून बोलावलं आणि म्हटलं, “चल, मैदानावर ये, तुला पळायचंय.”

तो दारातच थांबला. म्हणाला, “मी काय केलो, टीचर?”

त्याला पळायला सांगणं म्हणजे शिवी देण्यासारखं झालं होतं, आणि ते मी केलं होतं. ज्या विषयाची मी शिक्षिका, तोच विषय मी वर्षभर शिक्षा म्हणून वाटत होते. गणिताच्या सरांनी पोराला शिक्षा म्हणून गणितं घातली तर पोरगं गणिताचा द्वेष करेल, हे आपल्याला लगेच पटतं. स्वतःचं मात्र दिसत नाही.

त्याला तयार करायला तीन आठवडे गेले. मी त्याच्याबरोबर पळले, दुसऱ्या चकरीला मागे पडले. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मग शिक्षा म्हणून करायचं काय? मी करते ते असं:

- भांडण झालं तर दोघांना खेळातून पाच मिनिटं बाहेर, आणि दोघांनी मिळून गुण लिहायचे. एक पेन्सिल, एक कागद.
- साहित्य फेकलं तर तास संपल्यावर साहित्य मोजून आत ठेवायची जबाबदारी त्याची, आठवडाभर. बहुतेकांना हे काम आवडायला लागतं.
- उशीर झाला तर कारण विचारायचं, पण सगळ्यांसमोर नाही. रोपलावणीच्या दिवसांत आणि सुगीत अर्धा वर्ग शेतातून येतो. त्यांचे वॉर्मअप झालेलेच असतात.
- बूट नसतील तर काही नाही. सरकारी बूट सगळ्यांना एकदम मिळत नाहीत, मिळाले तरी ते काळे, कडक, पळायला टाच सोलणारे. अनवाणी पळू द्या, पण मैदान साफ हवं. आमच्याकडे जांभ्याची खडी वर येते. तासाची पहिली चार मिनिटं सगळा वर्ग ओळीने खडे वेचतो, ओळीत मीही असते.

६. ‘आज नको’ म्हणणाऱ्या मुलाचं काय

“टीचर, पोटात दुखालंय.” हे वाक्य तुम्ही वर्षात पाचशे वेळा ऐकाल. त्यातलं खोटं किती हे शोधत बसू नका. दुपारचा पिरेड असेल तर अक्षर दासोहाचं (शाळेतलं दुपारचं) जेवण नुकतंच झालेलं असतं, त्यावर पळवलं तर खरंच दुखतं.

मुलींचा प्रश्न वेगळा. पाळीच्या दिवसांत जिला खेळायचंय ती खेळू दे, जिला नकोय तिला सूट. पण सूट मिळून ती झाडाखाली एकटी बसली की सगळ्या वर्गाला कळतं, आणि मग पुढच्या महिन्यात ती शाळेलाच येत नाही. मी यासाठी ‘बाहेरची कामं’ काढली. दर तासाला चौघं खेळणार नाहीत: एक गुणलेखक, एक वेळ बघणारा, एक रेषेवरचा पंच, एक फक्की आणि साहित्य बघणारा. आळीपाळीने सगळ्यांना, मुलांनाही. “आज मला बाहेरचं काम द्या” एवढं म्हटलं की पुरे, कारण विचारायचं नाही. कोण कशासाठी बाहेर आहे ते कुणालाच ओळखता येत नाही. दमेकरी पोरगं, घरी रात्रभर बाळ सांभाळून आलेली मुलगी, नुसताच कंटाळलेला, सगळे त्यात मावतात. आणि गंमत म्हणजे माझ्याकडचे दोन उत्तम पंच या बाहेरच्या कामातून तयार झाले.

वजन-उंचीची तपासणी असेल तेव्हा आकडे मोठ्याने वाचू नका. एकजण वजनकाट्यावर, दुसरा दाराबाहेर, आकडा फक्त वहीत. “अठ्ठावन्न!” असं ओरडून सांगणारा सहकारी भेटला तर त्याच्या हातून वही घ्या आणि त्याला उंची मोजायला बसवा.

सरांसाठी खास: कबड्डीची पकड, खो-खोतला सूर, उडीतली कंबर, यात अंगाला हात लागतो. आधी स्वतःवर किंवा तयार असलेल्या मुलावर दाखवा. मुलींना शिकवताना एका मुलीकडून दुसरीला दाखवून घ्या, शक्य असेल तर एखाद्या बाईंना मैदानावर बोलवा. हात लावावाच लागला तर आधी सांगा, “खांदा सरळ करतो, चालेल ना?” साहित्याच्या खोलीत कुठल्याच मुलासोबत एकटं राहू नका, दार सताड उघडं ठेवा. आणि मुलाने स्वतःवर झालेलं काही तुमच्या कानावर घातलं तर ते दाबू नका. पोक्सो कायदा २०१२ नुसार माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, तो नियमांच्या कार्डशीटखालीच लिहून ठेवा.

७. आपला पिरेड फुकट देऊ नका

“टीचर, पोर्शन राहिलाय, तुमचा पिरेड द्या की.” दिवाळीनंतर हे रोज सुरू होतं, दहावीच्या बाबतीत तर दसऱ्यापासूनच. एसएसएलसीची धास्ती सगळ्यांनाच असते, सहकाऱ्यांशी भांडून चालत नाही. पण पोरं बघत असतात. ज्याचा तास कुणीही उचलून नेतो त्या माणसाला ती सर म्हणतात, मानत मात्र नाहीत.

मी हजेरीच्या मागच्या पानावर उसनवारी लिहिते: ‘गणित, २ येणे. विज्ञान, १ येणे.’ महिनाअखेरीला मुख्याध्यापकांसमोर हसत हसत दाखवते. परत मिळतात. सगळे नाही, पण मिळतात. आणि परत मिळालेला तास दहावीच्या पोरांना सांगून घ्यायचा, “हा तुमचा उसना गेलेला तास मी वसूल करून आणलाय.” त्या दिवशी पोरं कशी खेळतात ते बघा.

८. चूक झाली तर चूक झाली तिथेच माफी मागा

शाळेतल्या एका सामन्यात मी खो-खोची पंच होते. पाठलाग करणारा गडी मधली रेषा ओलांडून गेला होता, म्हणजे फाऊल. मला ते दिसलं नाही आणि मी पळणाऱ्याला बाद दिलं. पोरगा तावातावाने बोलायला आला. मी त्याला उद्धट ठरवून बाहेर काढलं. संध्याकाळी गुणलेखक मुलीने कागद दाखवला, तिने शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘फाऊल होता.’

रात्रभर विचार केला, त्याला स्टाफरूममध्ये बोलावून सांगावं. मग लक्षात आलं, त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळी शाळा बघत होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर दोन्ही संघांना उभं केलं आणि सांगितलं, माझं चुकलं, तो बाद नव्हता. नंतर त्याला एकट्याला वेगळं सांगितलं, की निर्णय चुकला तरी पंचावर धावून यायचं नाही, कॅप्टनने येऊन विचारायचं. दोन्ही गोष्टी त्याने ऐकल्या. पहिली ऐकली म्हणून दुसरी ऐकली, असा माझा अंदाज.

काही शिक्षकांना वाटतं की माफी मागितली की पोरं डोक्यावर बसतात. माझ्याकडे तरी अजून कुणी बसलेलं नाही. एक खबरदारी मात्र घ्या: रोज माफी मागू नका. रोज मागावी लागत असेल तर पंचगिरीची पुस्तिका परत वाचा.

९. स्पर्धेला नेताना: कागद आधी, पोरं नंतर

शालेय स्पर्धा आपल्याकडे ऐन पावसात येतात. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीकडे तर मैदान आणि भातशेत यात फरक राहत नाही. म्हणून निवड जूनमध्येच उरका आणि निवडीचे निकष आधी फळ्यावर लिहा: वेळ किती, उडी किती, सरावाची हजेरी किती. निवड झाल्यावर न घेतलेल्या पोरांना एकेकट्याने सांगा, यादी भिंतीवर लावून पळून जाऊ नका. संस्थेतल्या कुणाचा भाचा आत घालायचा दबाव येईल. त्या वेळी फळ्यावरचे आकडेच तुमच्या बाजूने बोलतात.

सगळ्यात जास्त अपमान होतो तो कागदावरून. सहा महिने सराव केलेलं पोर मैदानाच्या दारात उभं असतं आणि जन्मतारीख जुळत नाही म्हणून परत फिरवतात. ती चूक आपली असते, शरम त्याला वाटते. हे आधी तपासा:

- एसएटीएस नंबर, शाळेच्या दाखल्याशी जुळवून.
- आधारची झेरॉक्स. आधार, शाळा आणि अर्ज तिन्हीकडे जन्मतारीख एकच हवी. १४ आणि १७ वर्षांखालच्या गटात एका दिवसाचाही फरक चालत नाही.
- स्टडी सर्टिफिकेट (शाळेत शिकत असल्याचा दाखला), मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह.
- पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रत्येकी चार. दोन लागतात, दोन हरवतात.
- पालकांचं संमतीपत्र. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही.
- कन्नडमधलं नाव. अर्ज कन्नडमध्ये भरला जातो आणि मराठी नावाचं स्पेलिंग भरणाऱ्याच्या कानावर ठरतं. पोराला समोर बसवून त्याचं नाव कन्नडमध्ये त्याच्याकडूनच लिहून घ्या, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि पुढे खेळाच्या कोट्यातून प्रवेश घेताना तेच आडवं येतं.
- परतीच्या बसची वेळ. जंगलाकडच्या पोरांची शेवटची बस चुकली तर त्यांना तुमच्या घरी झोपवायची तयारी ठेवा. मी दोनदा झोपवलंय.

अर्ज देण्याची शेवटची तारीख हटकून शनिवारी असते. शनिवारी सकाळची शाळा. मुख्याध्यापकांची सही शुक्रवारीच घ्या, झेरॉक्सचं दुकान लाईट गेल्यावर उघडं असून उपयोग नाही.